शेवटच्या स्टेशनावरचं कॉलेज

महाराष्ट्रात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग किंवा एमसीए केलेल्या अनेकांना ‘डेटा स्ट्रक्चर्स यूझिंग सी’ हे पुस्तक आठवत असेल. लेखक तिघे : टेनेनबॉम, लँगसॅम आणि ऑगेनस्टाइन. ऑपरेटिंग सिस्टिम्सवर लिहिणारा टॅनेनबॉम तो हाच, असं समजून पुष्कळांनी पेपर दिले. तो वेगळा. हे तिघेही ब्रुकलिन कॉलेजातले, म्हणजे न्यूयॉर्कच्या एका सरकारी कॉलेजातल्या संगणक व माहितीशास्त्र विभागातले प्राध्यापक.

त्या पुस्तकात स्टॅक, म्हणजे ढीग, समजावताना कंसांचं उदाहरण येतं. उघडणारा कंस आला की ढिगावर ठेवा. मिटणारा आला की सगळ्यात वरचा उचला आणि जोडी जुळते का पाहा. शेवटी ढीग रिकामा उरला पाहिजे. कंस एकाच प्रकारचा असेल तर नुसती मोजदादही पुरते. गोल, चौकोनी, महिरपी मिसळले की मात्र ढिगाशिवाय गत्यंतर नाही. इतक्या साध्या गोष्टीपासून सुरुवात करायला मोठा शिक्षक लागतो, असं मला मनापासून वाटतं.

हे ब्रुकलिन कॉलेज 1930 सालचं. 2 नंबरची सबवे गाडी जिथे संपते, तिथे स्टेशनाच्या नावातच ते आहे. 1961 मध्ये शहरातली अशी कॉलेजं एकत्र येऊन सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क झाली. शहरातल्या मुलांना पदवीचं शिक्षण इथे मोफत होतं. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं आणि 1976 मध्ये फी सुरू झाली. कष्टकऱ्यांच्या, स्थलांतरितांच्या घरातली मुलं त्यानंतरही येत राहिली. पदव्युत्तर वर्ग संध्याकाळी भरवण्याची रीतही अशांच्या सोयीची. ऑफिस सुटलं की वर्ग. मास्टर्स म्हणजे साधारण 30 क्रेडिट, तीन-तीन क्रेडिटांचे दहा विषय. दिवसभर काम करून आलेल्या माणसासाठी एका सत्रात दोन विषयसुद्धा कमी नव्हेत.

याच कॉलेजात 1982 पासून रोहित पारीख शिकवू लागले. जन्म गुजरातमधल्या पालनपूरचा, पीएचडी हार्वर्डची. त्यांच्या नावाचं प्रमेय एमआयटीच्या 1961 सालच्या एका अहवालात आलं आणि 1966 मध्ये नियतकालिकात छापलं गेलं. ते प्रमेयही कंसांवरून सांगता येतं. एकात एक अडकलेले कंस ओळखायला ढीग लागतो. एकामागून एक मांडलेल्या सुट्या जोड्या ओळखायला लागत नाही. आता क्रम विसरा, कोणतं चिन्ह किती वेळा आलं एवढंच मोजा. दोन्हींत फरक उरत नाही : जितके उघडले तितके मिटले. ढिगाच्या मदतीने ओळखता येणाऱ्या, म्हणजे संदर्भमुक्त, अशा प्रत्येक भाषेला (म्हणजे चिन्हांच्या मांडण्यांच्या संचाला) मोजणीपुरती एक जुळी बहीण असते आणि तिला ढीग लागत नाही, हे पारीखांनी सिद्ध केलं. क्रम टाकून दिला की नेमकं काय गमावतो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं प्रमेय मला माहीत नाही. पुढे ते निवडणूक, वाटणी अशा सामाजिक रीतींकडेही प्रोग्रॅमसारखं बघू लागले; त्याला त्यांनी ‘सोशल सॉफ्टवेअर’ म्हटलं.

मास्टर्सपेक्षा पीएचडीची रचना मात्र वेगळी आहे. ती एकट्या कॉलेजची नाही. मॅनहॅटनमध्ये, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या समोर, जुन्या बी. ऑल्टमन दुकानाच्या इमारतीत विद्यापीठाचं ग्रॅज्युएट सेंटर आहे. ब्रुकलिन, सिटी, हंटर, क्वीन्स अशा कॉलेजांतले प्राध्यापक तिथे येऊन मार्गदर्शन करतात. आणि तिथले संशोधक विद्यार्थी उलट्या दिशेने कॉलेजांत शिकवायला जातात. त्यामुळे असंही घडू शकतं, की सकाळी ब्रुकलिनमध्ये पहिल्यांदाच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या वर्गाला कंस जुळवायला शिकवायचं, आणि दुपारी गाडीने मॅनहॅटन गाठून चर्चावर्गात त्याच कंसांवर पारीखांचं प्रमेय मांडायचं.