घरी कळेल का?

समलिंगी किंवा पारलिंगी विद्यार्थी समुपदेशकासमोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या मनातला पहिला प्रश्न बहुधा आजाराचा नसतोच. ‘हे घरी कळेल का?’ हा असतो. इंदूरच्या स्नेहलतागंजातून देवी अहिल्या विद्यापीठात जाणाऱ्या मराठी मुलामुलींना तो जरा जास्तच टोचावा. इथलं मराठी जग दाटीवाटीचं. फॅमिली डॉक्टर बाबांचे जुने स्नेही, औषधाच्या दुकानात काकांची ओळख, आणि गणपतीत सगळे पुन्हा एकाच मांडवात. इथे दवाखान्याची पायरी चढली की अर्धी बातमी फुटलीच म्हणायची.

म्हणून सेवा सर्वसमावेशक आहे की नाही, हे दारावर चिकटवलेल्या इंद्रधनुष्यावरून ठरवू नये. आत लिहिलेला कागद कोणाच्या हाती लागतो, ते विचारावं.

2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथे कामाचा आहे. लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळावेत, असं त्याचं कलम 18 सांगतं. कलम 23 उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेची जबाबदारी टाकतं. अपवाद मोजके आहेत. कोणाच्या जिवाला धोका असणं हा त्यांतला एक. दुसरा अपवाद मात्र फारसा कोणी सांगत नाही. रुग्णाच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदतीसाठी नेमलेल्या व्यक्तीला, त्या कामापुरती माहिती देता येते, आणि रुग्णाने कोणाला नेमलेलं नसेल तर ती जागा नातेवाइकाकडे जाऊ शकते. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याच हाती किल्ली. पण सज्ञान विद्यार्थ्याला साध्या कागदावर सही करून विश्वासातल्या मित्राला किंवा मावशीला नेमता येतं. त्या व्यक्तीची लेखी संमती तेवढी हवी. प्रत्येक विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षाने हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

समलिंगी असणं हा आजार नाही, हा वाद कधीच मिटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. तरीही ‘मुलाला सरळ करून द्या’ म्हणणारे पालक असतात आणि पैसे घेऊन तयार होणारेही. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021च्या आदेशानंतर, 2022मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्या खटल्यातले न्यायमूर्ती आनंद वेंकटेश हा विषय समजून घ्यायला स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे गेले होते. न्यायाधीश जाऊ शकतात, तर प्राध्यापकांना काय अडचण आहे?

शरीराचे प्रश्न घड्याळ लावून येतात. असुरक्षित संबंधानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. ओळखीचं कोणी दिसेल या धास्तीने दोन दिवस घालवले, तर उरतो एकच. सरकारी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते, संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि गुप्ततेला 2017च्या एचआयव्ही कायद्याचा आधार आहे. चौकशीसाठी 1097 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

पालकांशी मराठीत बोलायचं झालं, तर 2002मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचं लेखन हाताशी आहे. मात्र घरी कधी सांगायचं, हे मुलानेच ठरवावं. समुपदेशकाने घाई करू नये.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी कसं वागावं, याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचं, आणि ‘टेलि-मानस’सारख्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक अक्षरांत लावायचे, हेही त्यात आलं. टेलि-मानसचा 14416 पाठ व्हायला सोपा आहे, हे एक बरं. चारचौघांत फलकासमोर थांबून टिपून घ्यावा लागत नाही.