कात्रीने आणलेला वसंत

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेला वर्षातून दोनदा पालवी फुटते आणि दोन्ही वेळा कात्री चालल्याशिवाय फुटत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. बाहेर चैत्र असो की आश्विन, बागेतला वसंत माणूस ठरवील त्या दिवशी सुरू होतो. मी साताऱ्याची, पण मामांची बाग तासगाव तालुक्यात असल्यामुळे हे लहानपणापासून पाहत आले होते. त्याचे नवल वाटले ते जर्मनीत, नेकार नदीच्या काठी.

नोकरीनिमित्त काही वर्षे मी स्टुटगार्टला राहिले. त्या शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत. उंटरट्युर्कहाइम, रोटेनबर्ग या भागांत टेकडीच्या उतारांवर वेलींच्या रांगा नदीकडे उतरत जातात. नोव्हेंबरमध्ये आभाळ खाली येते आणि मार्चपर्यंत वर जायचे नाव घेत नाही. दुपार सरते न सरते तोच दिवे लावावे लागतात. फेब्रुवारी लागला की मला राहवत नसे. तिकडे साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पांगारा फुलला असेल, काटेसावरीखाली फुलांचा सडा पडला असेल, थोड्या दिवसांत रंगपंचमीला बावधनचे बगाड निघेल. इथे मात्र काळी खोडे आणि त्यांवर कोरड्या काड्या. सुट्टीच्या दिवशी मी त्या उतारांवर जायचे, काड्या जवळून बघायचे आणि परत यायचे.

तिथे छाटणी भर थंडीत उरकतात, वेल झोपेत असताना. मग मार्चमध्ये कधीतरी जमीन आठ-दहा अंशांपर्यंत उबदार होते आणि छाटलेल्या काडीच्या टोकातून स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने गळू लागते. मुळे जागी झाल्याची ती पहिली खूण. काडीवरचा डोळा, म्हणजे झोपलेला अंकुर, मात्र घाई करत नाही. तो फुटायला एप्रिलचा उत्तरार्ध उजाडतो. तपकिरी खवले बाजूला होतात, आत पांढुरकी लव दिसते आणि तिच्यातून गुलाबी कडेचे इवले पान डोके काढते. ते पान पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी रस्त्यावरच उभी राहून रडले. इतके महिने कशाची वाट पाहत होते, ते समोर होते.

या पानासाठी कुणी काही केलेले नव्हते. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातली. सात अंशांखालचे गारठ्याचे तास पुरेसे भरले की डोळ्याची झोप पुरी होते आणि पुढची ऊब त्याला उठवते. आपल्याकडच्या बागांत वर्षानुवर्षे असलेली थॉमसन सीडलेस ही जातही इराण-तुर्कस्तानकडच्या जुन्या बिनबियांच्या द्राक्षाचेच रूप, आणि आपली तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडलेली. तासगावात मात्र तसा गारठा भरत नाही. वेलीला हिवाळा संपल्याचे कळणार कसे? तो नीट आलेलाच नसतो. मोकळी सोडली तर ती हिरवीच राहते आणि वाटेल तिथे, वाटेल तेव्हा फुटते. म्हणून कात्री.

परत आल्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी मामांकडे खरड छाटणीला थांबले. माल उतरवल्यावर बागेला काही दिवस विसावा दिलेला, शेणखत आणि खतांचा बेसल डोस घातलेला. सकाळी ऊन चढायच्या आत टोळी कामाला लागली. मांडवावरच्या, वर्षभर जून झालेल्या काड्या एकामागून एक खाली येत होत्या. तळाशी एक डोळा ठेवायचा, बाकी सगळी काडी काढायची. काप आखूड आणि स्वच्छ हवा, खुंट लांब राहता कामा नये. एक हात काडी धरून वाकवतो, दुसरा कापतो, नजर तोवर पुढच्या काडीवर. दुपारपर्यंत हिरवा मांडव नाहीसा झाला आणि राखाडी सालीचे उघडे ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे फाटे, तेवढे उरले. अंगावर चैत्राचे ऊन आणि डोळ्यांसमोर नेकारकाठचा जानेवारी, असे मला त्या क्षणी झाले.

उघड्या ओलांड्याला हे ऊन सोसत नाही. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यावर दिवसातून काही वेळा पाणी फवारतात. खाली मुळांना पाणी हवेच. त्यामुळे या दिवसांत गावात पहिला प्रश्न असतो, "आवर्तन सुटलं का?" कऱ्हाडजवळच्या टेंभूतून उचललेले कृष्णेचे पाणी, म्हैसाळ, ताकारी, आरफळ, या योजनांवर इथला वसंत उभा आहे. योजनांचे पाणी पोहोचले नव्हते तेव्हा याच बागा लोकांनी टँकरने जगवल्या.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगले. तीच लव, तेच गुलाबी कडेचे पान. पण या पालवीला फळ धरायचे नसते. नव्या काड्या तयार करायच्या, बगलफुटी काढायच्या, शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, घ्यायची आणि प्रत्येक डोळ्यापर्यंत ऊन पोहोचू द्यायचे. साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान त्या डोळ्यांच्या आत घड आकार घेतो. तो बाहेरून दिसत नाही. फेब्रुवारीत बेदाण्याच्या शेडवर जाळीत पसरला जाणारा माल मे-जूनमध्येच ठरलेला असतो. त्या दिवसांत सलग ढगाळ राहिले, तर ऑक्टोबरमध्ये काडी फुटते आणि घड नसतो.

ऑक्टोबरचा वसंत याहून विलक्षण. त्याच्या आधी पानगळ करतात, म्हणजे औषध फवारून हिरवी पाने पाडतात. मग छाटणी. या खेपेला काडी ठेवायची, पाच-सात डोळ्यांवर कापायची आणि टोकाकडच्या दोन-तीन डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. नेकारकाठी जे काम हिवाळ्याचे चार महिने करतात, ते इथे ब्रशने किंवा फडक्याने एका सकाळी होते. डोळा फसतो आणि जागा होतो. शेतकऱ्याने बागेपुरता शिशिर आणि वसंत पंधरवड्यात आणलेला असतो. हे ज्ञान कुठल्याही कारखान्याच्या तोडीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

भीती दोन्हीकडे तीच. तिथे कोवळ्या पालवीवर मेच्या मध्यापर्यंत हिमाची टांगती तलवार असते. 11 ते 15 मे हे थंडीच्या संतांचे दिवस उलटल्याशिवाय जुनी माणसे निर्धास्त होत नाहीत. एप्रिल 2021मध्ये फ्रान्सच्या मळ्यांत रात्ररात्र मेणाचे डबे पेटवून पालवी वाचवायची धडपड झाली. आपल्याकडे भीती पावसाची. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबेना तेव्हा डाऊनी रोगाने आणि घडकुजीने फुलोऱ्यातल्या बागा गेल्या. मामा त्या दिवसांत जेवताना मान वर करत नव्हते, असे मामी सांगते.

पेस्टबद्दल मात्र मला आणखी बोलायचे आहे. एका बागेत पेस्ट लावणाऱ्या बाईंचे हात मी पाहिले आहेत. बोटांची साल गेलेली, तळवे लाल. हातमोजे विचारले तर म्हणाल्या, "ताई, मोज्यानं काम उरकत नाय." त्यांची मजुरी वेलींच्या हिशेबाने होती, म्हणजे उरकण्यावरच पोट होते. हे रसायन कातडी भाजते, अंगात शिरते. ते हाताळलेल्या माणसाने त्या दिवसांत दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, ओकाऱ्या, धाप, छातीत धडधड असा त्रास होतो. युरोपीय संघाने 2008मध्ये त्याला परवानगी नाकारली. आपल्याकडे त्यावाचून बाग एकसारखी फुटत नाही, हे मला मान्य आहे. ते बंद करा, असे मी बागायतदाराला सांगणार नाही.

पण येत्या ऑक्टोबरमध्ये पेस्टचा डबा आणाल तेव्हा टोळीत जितकी माणसे तितके रबरी हातमोजे आणि चष्मे त्याच दुकानातून घ्या. मोजे घालून काम हळू होते, म्हणून त्या दिवसांपुरती मजुरी वेलींवर न देता रोजावर द्या. साबण आणि बादलीभर पाणी आधी बांधावर ठेवा, संध्याकाळी कुणी दारू घेऊ नये हे मुकादमाकडून स्पष्ट सांगवून घ्या, आणि मगच डबा उघडा.