ब्रेस्ट लिफ्टमध्ये ‘सगळ्यात कमी व्रण’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

बदलापूरच्या एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न आज तिच्या परवानगीने इथे घेतेय. दोन बाळंतपणं झाली, मग बरंच वजन उतरलं, आता ब्रेस्ट लिफ्ट करायचं तिच्या मनात आहे. सर्जनने कागदावर तीन आकृत्या काढून दाखवल्या. तिचा प्रश्न एकच: “यात सगळ्यात कमी व्रण कशात राहतो?” भीतीला कारणही आहे. कान टोचले होते तेव्हा तिच्या पाळीवर टणक गाठ आली होती.

मी डॉक्टर नाही. जखम भरताना कातडीत काय होतं, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे कुठली शस्त्रक्रिया करावी हे मी सांगणार नाही. पण तुमच्यापैकी जे पेट देताहेत किंवा पहिलं प्रपोजल लिहायला बसलेत, त्यांना या एका प्रश्नात बरंच काही सापडेल. ‘कमी’ म्हणजे लांबीने कमी, रुंदीने कमी, की डोळ्यांना कमी दिसणारा? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात.

आधी त्या आकृत्या. शिवणकाम माहीत असेल तर अर्धं काम झालंच, आणि उल्हासनगर-अंबरनाथच्या वाचकांना शिवणकाम समजावून सांगायची वेळ यायची नाही. कापड सैल पडलंय आणि आत बसवायचंय, तर काय कराल? पहिला मार्ग: गोल कडेने नाडी ओवून आवळायची. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने कातडी काढून तसंच करतात. लुई बेनेली यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘राउंड ब्लॉक’ पद्धत ती हीच. दुसरा मार्ग: वर्तुळापासून खाली एक उभा टक्स. क्लोद लासू आणि मॅडलिन लेजूर यांची नावं या पद्धतीशी जोडलेली आहेत. तिसरा मार्ग: उभा टक्स, आणि शिवाय स्तनाखालच्या घडीत आडवी शिवण. म्हणजे उलटा टी. याची आखणी रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये दिली आणि गंमत म्हणजे तो पॅटर्न ब्रेसियरच्या कापावरूनच घेतलेला होता! टेलरिंगची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही.

लांबीने मोजलं तर नाडीवाली पद्धत सरळ जिंकते. व्रण फक्त वर्तुळाच्या कडेला, जिथे रंग तसाही बदलतो, म्हणजे लपायला जागाही उत्तम. मग सगळे सर्जन तेच का करत नाहीत?

कारण ताण. भरपूर सैल कापड एकाच नाडीत आवळलं की चुण्या पडतात आणि सगळा ओढा त्या एका शिवणीवर येतो. कातडीचंही तसंच. जखमेच्या कडा ओढल्या जात असतील, तर तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशींना तो ओढा कळतो आणि त्या जास्त कोलॅजन तयार करू लागतात. व्रण रुंद होतो, जाड होतो. वर्तुळ पसरतं, स्तनाचा आकार चपटा होतो. भरलेली जखम मूळ कातडीच्या साधारण ८० टक्के ताकदीपर्यंतच पोचते, तेही काही महिन्यांनी. पहिल्या आठवड्यात तर ती ताकद नगण्य असते, सगळा भार टाक्यांवर. थोडक्यात, व्रणाची लांबी सर्जनच्या हातात असते, पण रुंदी बरीचशी ताण ठरवतो.

म्हणून निवड सुरू होते ती उतार किती आहे इथून. १९७६ पासून रेनो यांचं वर्गीकरण वापरतात: स्तनाग्र खालच्या घडीच्या पातळीवर आहे, थोडं खाली आहे, की ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली? उतार कमी असेल तर नाडी पुरते. जास्त असेल तर आखूड व्रणाचा हट्ट महागात पडू शकतो.

प्लास्टिक सर्जरीत असा सौदा नेहमीचाच आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेली एक शस्त्रक्रिया छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी फिरवून नवं नाक दिलं गेलं. नाक मिळालं, त्याबदल्यात कपाळावर व्रण आला.

आता पुरावा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात उलटा टी सगळ्यात जास्त वापरात होता, आणि वर्तुळाभोवतीच्या पद्धतीवर सर्जन सगळ्यात कमी समाधानी होते, दुरुस्तीची शस्त्रक्रियाही तिथे जास्त लागत होती. वाचून तुम्ही लगेच ‘म्हणजे उलटा टी चांगला’ असं लिहाल. थांबा. समाधान कोणाचं विचारलं? सर्जनचं. आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बाईचं नाही.

माझ्या मते या विषयातली खरी गोची मोजपट्टीची आहे. १९९० चा व्हँकुव्हर स्कार स्केल भाजल्याच्या व्रणांसाठी बनला. त्यात रंग, रक्ताभिसरण, लवचिकता, उंची मोजतात, पण रुग्णाला काय वाटतं हा रकानाच नाही. २००४ मध्ये आलेल्या पोसास या मोजपट्टीत निरीक्षकाचा आणि रुग्णाचा असे दोन भाग आहेत. खाज येते का, दुखतं का, हे बाईच सांगणार. २००९ चा ब्रेस्ट-क्यू तर स्तनांबद्दलचं समाधान थेट तिलाच विचारतो. आणि एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची: व्रणाची लाली सावळ्या कातडीवर नीट दिसत नाही. तुमचे परीक्षक फक्त फोटो बघून गुण देणार असतील तर ‘लाली नाही’ या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा, ते आधी ठरवा.

मैत्रिणीच्या कानाची गाठ इथे फार मोलाची माहिती आहे. ती केलॉइड असेल, म्हणजे मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढलेली असेल, तर छातीच्या मधल्या हाडाजवळची जागा तिच्यासाठी जोखमीची. उलट्या टीच्या आडव्या शिवणीचं आतलं टोक तिकडेच जातं. मी तिला एवढंच म्हटलं: सर्जनला कान दाखव, सिझेरियनचे टाके दाखव, डाव्या दंडावरची बीसीजीची खूणही दाखव. स्वतःच्या कातडीचा इतिहास कुठल्याही सरासरीपेक्षा जवळचा.

हीच युक्ती संशोधनात मोठी कामाची आहे. २०११ मध्ये जेफ्री गर्टनर यांच्या गटाने टाक्यांवरचा ताण कमी करणारी पट्टी तपासली, आधी डुकरांवर, मग पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांवर. एकाच व्रणाच्या एका भागावर पट्टी, दुसरा भाग तसाच. वय, रंग, आनुवंशिकता सगळं दोन्हीकडे सारखं. पट्टीखालचा व्रण चांगला निघाला. स्तनांच्या बाबतीत तर डावा-उजवा अशी तयार जोडीच आहे. मात्र दोन बाजूंना दोन वेगळ्या पद्धती वापरायच्या म्हटलं तर एथिक्स कमिटी तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि बरोबरच आहे. टाके निघाल्यानंतरची काळजी मात्र दोन बाजूंना वेगळी ठेवता येते.

ज्यांना आपल्याच भागातला विषय हवा त्यांना एक सुचवते. व्रणावर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे १२ तास किंवा जास्त, काही महिने लावायला सांगतात. आता बदलापूरचा दमट मे महिना, सकाळची लोकल, गर्दीत बॅग पाठीवरून छातीवर घेतलेली. घाम, घर्षण, बॅगेचा दाब. पट्टी टिकणार किती वेळ? पट्टीऐवजी जेल वापरलं तर बायका ते जास्त नियमाने लावतील का? प्रश्न लहान आहे, खर्च कमी आहे, आणि उत्तर इथेच मिळण्यासारखं आहे.

फक्त मुदत नीट ठेवा. व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तिसऱ्या महिन्यात तो लाल-टणक असतोच. तीन महिन्यांवर थांबलात तर चुकीचा टप्पा मोजाल. दीड वर्ष थांबायचं तर फोन न उचलणाऱ्यांचीही वेगळी नोंद ठेवा. खूश असलेल्या बायका परत यायला विसरतात, नाराज असलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि तुमच्या एक्सेल शीटमध्ये दोघींचे रकाने सारखेच रिकामे दिसतात.