खाडा वाचवणारा दवाखाना

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोघांतलं एक जण दुखणं घेऊन खोपीत पडलं, की त्या दिवसाचा ‘खाडा’ लागतो. मजुरी बुडते, वर दंड बसतो आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायला आणखी लांबते. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दुखणं निघालं, की डॉक्टरच्या फीआधी खाड्याचा हिशेब होतो. फोनवर किंवा पडद्यावर डॉक्टर भेटण्याचा, म्हणजे टेलिमेडिसिनचा, फायदा इथे याच हिशेबात मांडायला हवा.

जिल्ह्याला तालुके अकरा. मोठ्या सरकारी उपचारांसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, हीच मुख्य ठिकाणं. आष्टीच्या माणसाला अंबाजोगाई म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. त्याला अहिल्यानगर जवळ पडतं. शिरूर कासार किंवा धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवरून तज्ज्ञाकडे जायचं, तर आधी एसटी गाठायची, मग रांग धरायची. तपासणी पाच मिनिटांची, दिवस मात्र अख्खा जातो. सोबत येणाऱ्याचाही जातो.

ही पाच मिनिटं गावात आणण्यासाठी केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा आहे. मोहालीच्या सी-डॅकने ती तयार केली. २०१९च्या अखेरीस ती आरोग्य केंद्रांतून सुरू झाली आणि एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत घरबसल्या ओपीडीही उघडली. फेब्रुवारी २०२३पर्यंत देशभरात तिच्यावरून १० कोटी सल्ले देऊन झाले होते. वापरायचे रस्ते दोन. पहिला स्वतःच्या मोबाइलवरून: नंबर नोंदवा, टोकन घ्या, पाळी आली की डॉक्टरशी बोला. दुसरा गावच्या उपकेंद्रातून. बीडसाठी हा दुसरा रस्ता जास्त कामाचा, कारण त्यात मधे एक माणूस असतो.

तो माणूस म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, लोकांच्या तोंडी ‘सीएचओ मॅडम’ किंवा ‘सीएचओ सर’. समजा, चाळिशीतली एक बाई उपकेंद्रात आलीय. आधी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितला जातो, बोटाला सुई टोचून साखर आणि रक्त तपासलं जातं. आकडे संगणकात भरले जातात आणि मग पडद्यावर डॉक्टर येतात. ‘कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं,’ हे सांगताना बाई अडखळते. पुढचं मॅडम डॉक्टरांच्या भाषेत सांगतात. डॉक्टरांची चिठ्ठी तिथेच छापून निघते, साधी औषधं तिथेच मिळतात. डोळे आणि कान डॉक्टरांचे, हात मात्र गावातले.

‘अंगावरून जातं’ ही तक्रार बीडमध्ये साधी नाही. बायकांची गर्भाशयं काढण्याच्या प्रकारांच्या चौकशीसाठी २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. पाळी, पांढरं जाणं, कॅन्सरची भीती आणि खाड्याचा धाक, सगळ्यांवर एकच उपाय सांगितला जात होता. पुढे खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. पण परवानगीचा कागद लागतो तो अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी ‘आधी जंतुसंसर्गाचं औषध घेऊ, सोनोग्राफी करू, मग ठरवू’ असं सांगणारा दुसरा डॉक्टर त्या बाईला भेटला पाहिजे. पडद्यावरचा स्त्रीरोगतज्ज्ञ तो असू शकतो. त्याला त्या पिशवीतून काही मिळवायचं नसतं.

फायदा डॉक्टरांचाही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण एमबीबीएसला एखादा ईसीजी कळला नाही, तर पूर्वी रुग्णाला ‘बीडला न्या’ म्हणण्यापलीकडे इलाज नव्हता. आता विचारायला वरिष्ठ सापडतो, आणि पुढचा तसाच रुग्ण आला तर तो स्वतः सांभाळतो. कायद्याची धास्तीही कमी झाली. २०१८मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात रुग्णाला न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवर औषध सांगायला भलेभले बिचकू लागले. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनचे नियम आले: रुग्णाची संमती हवी, नोंद ठेवायची, चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. काही औषधं पहिल्या भेटीत व्हिडिओवर पाहूनच द्यायची, नशेची औषधं द्यायचीच नाहीत. ‘प्रत्यक्ष दाखवायला या’ असं केव्हाही म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांकडे राहिला.

तो अधिकार महत्त्वाचा आहे. पोटातली गाठ पडद्यावरून हाताला लागत नाही. फडात साप चावला तर मोबाइल काढायचा तो १०८ लावायला. मनाचं दुखणं मात्र नुसत्या आवाजावरही उलगडतं. त्यासाठी ऑक्टोबर २०२२पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या घराच्या भिंतीवर तो लिहून ठेवावा असा आहे.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. गावातल्या उपकेंद्रात सुरू झालेली बीपीची गोळी तिथे तुटते आणि कॅरीबॅगमधले दवाखान्याचे कागद पावसात भिजतात. मोबाइलमध्ये राहिलेली चिठ्ठी तिथल्या डॉक्टरलाही दाखवता येते. पण मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि बाईला जे सांगायचंय ते त्याच्यासमोर सांगता येत नाही.

शिवाय कोयता पहाटे अंधारातच फडात शिरतो. ओपीडी उघडते तेव्हा बाईच्या डोक्यावर मोळी असते. ती खोपीवर परतून चूल पेटवते तेव्हा ओपीडी बंद झालेली असते. दवाखाना मोबाइलात आला, तरी त्याने सरकारी वेळ सोडली नाही तर डॉक्टरशी बोलण्यासाठी तिला पुन्हा खाडाच करावा लागेल. हंगामाचे पाच-सहा महिने रात्री आठनंतर दोन तास एक डॉक्टर त्या पडद्यामागे बसला, तर खर्च फारसा नाही. तिचा दिवस मात्र वाचेल.