डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक (घरगुती ध्वनियंत्रणा)

डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तक, संक्षेपाने डॅक, हे अंकांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीचे सलग बदलत्या विद्युतदाबात रूपांतर करणारे उपकरण आहे. हा विद्युतदाब अ‍ॅम्प्लिफायर वाढवितो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच, सीडी प्लेयर या सर्वांत डॅक अंतर्भूत असतो. म्हणून घरगुती यंत्रणेसाठी डॅक निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता घ्यावा’ हा नसून ‘वेगळा घेण्याची गरज आहे काय’ हा असतो.

कार्य

सोनी व फिलिप्स यांच्या सीडीच्या मानकानुसार ध्वनीची प्रतिसेकंद ४४,१०० मोजमापे घेतली जातात व प्रत्येक मोजमाप १६ बिटांत नोंदविले जाते. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतानुसार, नमुनाग्रहण दराच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचे सर्व ध्वनी नमुन्यांतून पुन्हा उभे करता येतात. मानवी श्रवणाची कमाल मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने सीडीची २२.०५ किलोहर्ट्झ ही मर्यादा त्यास पुरते. डॅकमधून ध्वनी ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ बाहेर पडतो हा समज मात्र चुकीचा आहे. अंतिम गाळणीनंतर मिळणारा संकेत सलग असतो.

प्रत्येक बिटामागे मृदू व तीव्र ध्वनींमधील पल्ला सुमारे ६ डेसिबलने वाढतो. १६ बिटांचा पल्ला अशा रीतीने सुमारे ९६ डेसिबल होतो. २४ बिटांचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबल असला, तरी विद्युतघटकांच्या स्वतःच्या गोंगाटामुळे कोणतेही घरगुती उपकरण तेथवर पोहोचत नाही.

रचनेच्या दृष्टीने रोधकांची शिडी वापरणारे आणि डेल्टा-सिग्मा पद्धतीचे असे दोन प्रमुख प्रकार आहेत. आजचे बहुतेक डॅक दुसऱ्या प्रकारचे असतात. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा फिलिप्सने १४ बिटांची चिप वापरली आणि नमुनाग्रहण दर चौपट करून तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले. केवळ बिटांच्या आकड्यावरून उपकरणाचा दर्जा ठरत नाही, याचे हे जुने उदाहरण होय.

ऐकण्याची खोली आणि मूळ ध्वनिमुद्रण

नाशिक जिल्ह्यातील ओझर हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर असून तेथे विमान कारखाना व विमानतळ आहे. अशा ठिकाणी खोलीतील पार्श्वगोंगाट रात्री ३० डेसिबल आणि दिवसा ४५ डेसिबल धरला, आणि संगीताची कमाल पातळी १०० डेसिबल मानली, तर प्रत्यक्ष ऐकू येणारा पल्ला रात्री ७० व दिवसा ५५ डेसिबलच उरतो. सीडीचा पल्लासुद्धा तेथे पुरता वापरला जात नाही. खिडकीला जाड पडदा लावणे, किंवा स्पीकर भिंतीपासून योग्य अंतरावर ठेवणे, याने पडणारा फरक महागड्या डॅकपेक्षा बहुधा अधिक असतो.

मूळ मुद्रणाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. नाशिकशी निगडित असलेले गायक द. वि. पलुस्कर (१९२१–१९५५) यांचे गायन ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातील आहे. अशा तबकड्यांवर खरखरीमुळे मिळणारा पल्ला १६ बिटांच्या पल्ल्याहून बराच कमी असतो. त्यांच्या २४ बिटी प्रतीत नवे तपशील निर्माण होत नाहीत. मूळ तबकडी किती चांगली होती आणि ती किती काळजीपूर्वक वाजविली गेली, हेच तेथे निर्णायक ठरते.

उच्च दराच्या मुद्रणाबाबत संशोधकांत मतभेद आहेत. मेयर व मोरान यांच्या २००७ मधील प्रयोगात श्रोत्यांना सीडीच्या दर्जाचा टप्पा मध्ये घातल्याचे ओळखता आले नाही. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अल्प परंतु संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखलपात्र फरक आढळला, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो अधिक होता.

निवडीचे निकष

स्वतंत्र डॅकचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. संगणकाच्या आतील डॅकमध्ये पंख्याची वा प्रोसेसरची कुरकुर मिसळते, मोबाइलला हेडफोनचे छिद्र नसते, किंवा दूरचित्रवाणी संचाला केवळ प्रकाशीय जोड असतो. शेवटच्या स्थितीत प्रकाशीय आदान असलेला साधा डॅकही पुरतो. मोबाइलसाठी बोटभर आकाराचे यूएसबी डॅक मिळतात. ब्लूटूथने जोडल्यास ध्वनी सामान्यतः संपीडित होऊन येतो, तेव्हा डॅकच्या बारीक गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्यासाठी सुमारे २ व्होल्टचे प्रदान पुरेसे असते. हेडफोन थेट जोडायचा असल्यास डॅकचा प्रदान-रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा रूढ संकेत आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंतचा रोध चालतो.

दोन डॅकची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणे अत्यावश्यक असते. एकाचे प्रदान २ व दुसऱ्याचे २.३ व्होल्ट असेल, तर दुसरा सुमारे १.२ डेसिबलने मोठा वाजतो आणि श्रोत्याला तोच ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. दुकानात ऐकून केलेल्या निवडी येथेच फसतात.

घरघर आणि अर्थिंग

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. संगणक व अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही अर्थिंगला जोडलेले असताना यूएसबी केबलमुळे त्यांच्यात वर्तुळ पूर्ण झाल्यास स्पीकरमधून ५० वा १०० हर्ट्झची घरघर येते. दोष अनेकदा डॅकच्या माथी मारला जातो. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणे, किंवा यूएसबीऐवजी प्रकाशीय केबल वापरणे, हे त्यावरील उपाय होत. प्रकाशीय केबलमध्ये विद्युतवाहक तार नसल्याने वर्तुळ तुटते. घरघर घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा प्रघात धोकादायक आहे. उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या खोक्यावर २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो.