संकलकाचे नाव

बीदर-भालकीच्या बाजूस तंबूतला सिनेमा येत असे, तेव्हा चालू खेळात फीत तुटली की एकदम काळोख होई आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. यंत्र चालविणारा माणूस तुटलेली टोके खरवडून, सिमेंट लावून जोडी आणि कथा पुढे सरके. मधले चारदोन शब्द मात्र गळालेले असत. चित्रपट हा तुकड्यांचा जोड असतो, हे आम्हांस प्रथम कळले ते असे. तो जोड मुळात करणाऱ्यास संकलक म्हणतात, हे कळावयास पुढे बरीच वर्षे लागली.

१९७५ सालच्या 'शोले'चेच पाहा. आपल्याच राज्यातील रामनगरच्या खडकांत चित्रित झालेला हा चित्रपट. गब्बरचे संवाद घरोघर तोंडपाठ. पण त्यास फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, ते संकलनाचे, आणि मानकरी होते एम. एस. शिंदे, हे किती घरांत ठाऊक आहे? सुमारे तीन लाख फूट चित्रण त्यांच्यापुढे आले, असे सांगतात. फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे पंचावन्न तासांचे दृश्य! त्यातून सव्वातीन तासांच्या आसपासचा खेळ काढावयाचा. हे शिंदे अखेरच्या काळात धारावीतील एका लहानशा खोलीत राहत होते. २०१२ साली ते वारले.

अशा कारागिरांसाठी मुंबईत 'असोसिएशन ऑफ फिल्म अँड व्हिडिओ एडिटर्स' ही संस्था आहे. पश्चिम भारतातील सिनेकर्मचाऱ्यांच्या महासंघाशी ती संलग्न असून तिचे स्वरूप कामगार संघटनेचे आहे. अमेरिकेत १९५० साली निघालेली 'अमेरिकन सिनेमा एडिटर्स' निराळ्या जातीची. ती वेतनाच्या वाटाघाटी करीत नाही. निवडलेल्या सभासदास नावापुढे 'ए.सी.ई.' ही अक्षरे लावण्याचा मान देते. हा प्रकार आम्हांस पूर्वी काहीसा पोरकट वाटे. शिंद्यांची हकीकत वाचल्यापासून तसे वाटत नाही. तथापि अक्षरांनी घरभाडे भागत नाही, हेही खरेच.

गोव्याच्या पोंबुर्फ्याचे वामन भोसले १९५२ साली मुंबईस आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये हे काम शिकले. 'इन्कार'साठी त्यांस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२१ साली ते निवर्तले. 'दो रास्ते', 'आँधी', 'कर्ज' हे त्यांनी संकलित केलेले चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. पडद्यावर त्यांचे नाव उमटे, तेव्हा तंबूत मंडळी अजून बसावयास जागा शोधीत असत.