दीर्घकालीन खांदेदुखी व कंडरादाह : शस्त्रक्रियेविना उपचारांचे विवेचन
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अर्थव्यवहार आजही मोठ्या प्रमाणात हाताच्या बळावर चालतो. कापसाची वेचणी, विळ्याने होणारी सोयाबीनची कापणी, लातूरच्या बाजार समितीतील पोत्यांची चढ-उतार, हापशावरून पाणी भरणे या सर्व कामांत खांदा अविश्रांत राबत असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या काळात घागरी-कळशा वाहण्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांवरच येतो. फळ्याच्या वरच्या भागावर वर्षानुवर्षे लिहिणारा प्राध्यापकही या दुखण्यातून सुटत नाही. हमालाचा खांदा निकामी झाला की त्याची रोजची मजुरी बुडते. आणि घाईने केलेल्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावे लागले तर दुखणे एकाचे व झळ संपूर्ण कुटुंबाला, अशी अवस्था होते. म्हणून खांदेदुखीचे स्वरूप व शस्त्रक्रियेविना उपलब्ध असलेले उपचार यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खांद्याची रचना :
मानवी शरीरातील सर्वाधिक हालचाल असणारा सांधा म्हणजे खांदा होय. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा खवाट्याच्या उथळ खोबणीत टेकलेला असतो. खोबणी उथळ असल्याने हात सर्व दिशांना फिरतो. परंतु त्यामुळेच स्थैर्यासाठी हा सांधा हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक अवलंबून असतो. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर व सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन माथ्याभोवती जणू मूठ आवळतात. या रचनेस रोटेटर कफ असे म्हणतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. ती मुख्यतः कोलॅजन तंतूंची बनलेली असते. स्नायूच्या तुलनेत तिचा रक्तपुरवठा कमी असल्याने तिची दुरुस्तीही मंद गतीने होते.

दाह की झीज? :
या विकारास दीर्घकाळ ‘टेंडोनायटिस’ म्हणजे कंडरादाह असे संबोधले गेले. मात्र जुनाट दुखण्यातील कंडरेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता दाहाच्या पेशींपेक्षा विस्कटलेले तंतू व अपुरी राहिलेली दुरुस्ती यांचेच प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे १९९८ मध्ये मॅफुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टेंडिनोपॅथी’ म्हणजे कंडराविकार ही संज्ञा वापरावी, असे सुचविले. हा भेद केवळ शब्दांचा नाही. दुखणे निव्वळ दाहाचे मानले तर विश्रांती व दाहशामक गोळ्या हाच उपाय ठरतो. कंडरेची भार सोसण्याची क्षमता घटली आहे असे मानले, तर ती क्षमता क्रमाक्रमाने वाढविणे हा उपचाराचा गाभा ठरतो. ज्या कंडरेवर मुळीच भार पडत नाही, ती अधिकच दुबळी होते.

निदानाचे महत्त्व :
प्रत्येक खांदेदुखी एकाच कारणाने होत नाही. कंडराविकारात हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते. परंतु दुसऱ्याने हात उचलून धरला तर तो बहुधा वर जातो. गोठलेल्या खांद्यात दुसऱ्याने प्रयत्न करूनही हात वळत नाही, विशेषतः कोपर बरगडीला लावून पंजा बाहेर फिरविता येत नाही. मानेतील नस दबल्यास वेदना कोपराखाली उतरते व बोटांत मुंग्या येतात. ही तपासणी अनुभवी डॉक्टर कोणत्याही यंत्राविना करू शकतात. एमआरआयच्या अहवालातील ‘टिअर’ हा शब्द वाचून रुग्ण घाबरून जातो. वस्तुतः साठीनंतर, काहीही न दुखणाऱ्या अनेक खांद्यांतही अशी फाट आढळते. म्हणून उपचार अहवालावर नव्हे तर रुग्णाच्या तपासणीवर ठरणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेविषयीचे पुरावे :
१९७२ मध्ये अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी खांद्यावरील हाडाच्या टोकाखाली कंडरा घासली जाते, असे प्रतिपादन केले व ते टोक तासण्याची शस्त्रक्रिया सुचविली. पुढे दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. तिची खरी कसोटी मात्र अलीकडच्या काळात लागली. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींचे हाड तासले गेले, काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले गेले, तर काहींवर कोणताही उपचार झाला नाही. हाड तासणे व केवळ दुर्बीण घालणे यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१० रुग्णांच्या फिनलंडमधील अभ्यासातही दोन वर्षांनंतर असाच निष्कर्ष निघाला. या पुराव्यांच्या आधारे २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून तज्ज्ञ मंडळाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

शस्त्रक्रियेविना उपचार :
१) भाराचे नियोजन : काम पूर्णतः बंद करणे क्वचितच आवश्यक असते. खांद्याच्या वर हात नेऊन करावयाचे काम काही आठवडे कमी करावे, ओझे शरीराजवळ धरावे आणि एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा कराव्यात. फळ्यावर छातीच्या उंचीला लिहिणे हेही याच तत्त्वात बसते.
२) व्यायाम : तीव्र वेदनेच्या काळात पुढे वाकून हात लोलकासारखा हलविण्याचा व्यायाम उपयुक्त ठरतो, तो बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानंतर पंजा भिंतीवर दाबून ३० ते ४५ सेकंद जोर धरणे, पुढे रबरी पट्टी ताणून हात बाहेर फिरविणे आणि भिंतीवर हात टेकवून जोर काढणे असा क्रम ठेवावा. महागड्या पट्टीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टीही चालते. व्यायाम करताना सौम्य कळ आली तरी चालते. मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरली पाहिजे. न ओसरल्यास भार कमी करावा. परिणाम दिसण्यास साधारण १२ आठवड्यांचे सातत्य लागते.
३) औषधे : वेदनाशामक गोळ्या अल्पकाळच घ्याव्यात. औषध दुकानातून चिठ्ठीविना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, परंतु कंडराविकारात त्याचा दीर्घकालीन लाभ दिसून येत नाही.

मधुमेह व गोठलेला खांदा :
मधुमेही व्यक्तींमध्ये गोठलेल्या खांद्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आढळते. म्हणून चाळिशीनंतर खांदा कारणाशिवाय आखडू लागल्यास रक्तातील साखर अवश्य तपासावी. यात सांध्याभोवतीचे आवरण आकसते. प्रथम वेदना, मग ताठरपणा व अखेर हळूहळू मोकळीक असा हा प्रवास एक ते तीन वर्षे चालू शकतो. आरंभीच्या वेदनेत सांध्यात दिलेले एक इंजेक्शन व त्यासोबत सौम्य ताण देणारे व्यायाम उपयोगी पडतात. मात्र मधुमेही रुग्णाची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, याची पूर्वकल्पना हवी. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे व दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींपैकी कोणताही एक उपचार निर्विवाद सरस ठरला नाही.

स्थानिक अडचणी व मार्ग :
नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे अस्थिरोग विभाग आहेत. परंतु किनवट, माहूर, जळकोट किंवा देवणी येथील मजुराला रोज फिजिओथेरपीसाठी शहरात येणे परवडणारे नाही. या संदर्भात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ७०८ रुग्णांचा ब्रिटिश अभ्यास आश्वासक आहे. फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट तपासून, समजावून व घरी करावयाचे व्यायाम शिकवून दिले, तरी वर्षअखेरीस त्याचा परिणाम सहा भेटींपर्यंत चाललेल्या उपचाराच्या तोडीचा आढळला. याचा अर्थ रुग्णाला रोजच्या फेऱ्यांपेक्षा एक सविस्तर भेट व मराठीतील सचित्र माहितीपत्रक यांची अधिक गरज आहे.
दुसरी अडचण धोरणाची आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेने असंख्य गरिबांना आधार दिला. परंतु तिची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर बेतलेली आहे. व्यायाम शिकविण्यासाठी लागणारा अर्धा तास अशा रचनेत बसत नाही. ग्रामीण रुग्णालयांतून फिजिओथेरपीची सेवा वाढविणे हाच यावरील स्वस्त व टिकाऊ मार्ग होय.

शस्त्रक्रिया व तातडीचे प्रसंग :
शस्त्रक्रिया सर्वथा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर हात अचानक उचलता न येणे, खांदा वारंवार निखळणे, हाड मोडणे अशा प्रसंगी अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला त्वरित घ्यावा. तेथे दिरंगाई घातक ठरते. तापासह सांधा लाल व गरम होणे किंवा वेदनेसोबत वजन घटणे ही वेगळ्या आजाराची लक्षणे होत. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम व धाप असल्यास ते हृदयविकाराचे लक्षण समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

समारोप :
दीर्घकालीन खांदेदुखी बहुतांशी योग्य निदान, भाराचे नियोजन, क्रमशः वाढविलेला व्यायाम व संयम यांनी आटोक्यात येते. मंद गतीने बऱ्या होणाऱ्या कंडरेला वेळ द्यावा लागतो. आणि हातावर पोट असलेल्या माणसाजवळ नेमका वेळच नसतो. ही विसंगती दूर करण्यात महाविद्यालये हातभार लावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून, स्थानिक फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली, हे चार व्यायाम व धोक्याची लक्षणे गावकऱ्यांपर्यंत पोहोचविली, तर अनेक खांदे शस्त्रक्रियेपासून व अनेक घरे कर्जापासून वाचतील.